प्रचंड जनसमुदाय

"साहेब, हा माणूस मी आहे का, एवढं पाहून सांगा."

शनिवारी दुपारी साडेबाराच्या सुमारास ब्लॉकखात्याच्या दारात उभ्या राहिलेल्या गृहस्थाने मला हे विचारले, तेव्हा मी जस्ताचा पत्रा आम्लाच्या तबकात सोडण्याच्या बेतात होतो. पत्रा बाजूला ठेवून मी हात पुसले. गृहस्थाच्या हातात आमच्याच 'दैनिक वेशीवर'चा सोमवारचा अंक होता. पहिल्या पानावर दोन स्तंभ रुंदीचे छायाचित्र: शे-दीडशे माणसे, सगळ्यांच्या माना किंचित वर, तोंडे अर्धवट उघडी, नजरेत निखळ भक्ती. खाली ओळ होती, 'विरोधी आघाडीच्या मेळाव्यास लोटलेला प्रचंड जनसमुदाय'. पुढच्या रांगेत, अगदी डाव्या कडेला, कान बाहेर आलेला एक टोपीवाला तरुण होता. त्याच्याभोवती लाल शाईने गोल काढलेला होता.

मी गोलातल्या माणसाकडे पाहिले, मग दारातल्या. मधली नऊ-दहा वर्षे वजा केली, तर कान तेच होते.

"तुम्हीच आहात," मी म्हणालो.

ते समोरच्या स्टुलावर बसले. "नीट पाहा, साहेब. नुसते ठिपके तर आहेत."

हे मात्र मला लागले. मी, मनोहर दातरंगे, मुद्रणतंत्राची तीन वर्षांची पदविका घेतलेला माणूस. 'वेशीवर'मध्ये ब्लॉकखात्याचा प्रमुख होतो, आणि खात्यात मी एकटाच असल्यामुळे माझ्या प्रमुखपणाला आव्हान नव्हते. त्या काळी छायाचित्र सरळ छापता येत नसे. ते जाळीतून ठिपक्यांत फोडून जस्तावर कोरावे लागे. तो पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकला की ब्लॉक तयार. ठिपके हीच आमची विद्या. त्यांना 'नुसते' म्हणणे म्हणजे गवंड्याला विटांवरून बोलण्यासारखे होते.

"तुम्ही कोण?" मी विचारले.

"नामदेव कऱ्हाळे. जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर आहे, बोरजाळीला. ही नोटीस आलीय."

नोटीस वाचली. शासकीय सेवेत असताना राजकीय मेळाव्यास हजर राहून घोषणा दिल्याबद्दल निलंबित का करू नये, अशी विचारणा होती. तक्रारदार पंचायत समितीचे सभापती, भाऊसाहेब टाकळकर. सत्ताधारी पक्षाचे.

"घोषणा कुठे आहेत यात?"

"तोंड उघडं दिसतंय ना, म्हणून घोषणा." गुरुजींनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "भाऊसाहेबांना खताची पोती ठेवायला शाळेची खोली पाहिजे होती. मी म्हटलं, चौथीचा वर्ग कुठं बसवू, पोत्यांवर? तवापासून ते माझा फोटो शोधतच होते."

"आणि मेळाव्याच्या दिवशी तुम्ही होतात कुठे?"

"शाळेच्या पत्र्यावर. डांबर लावत होतो. एकटाच. साक्षीदार म्हणाल तर कावळे." त्यांनी नोटिशीची घडी घातली. "बुधवारी चौकशी आहे. जमीन भावाकडं आहे, साहेब. ही नोकरी गेली तर माझ्याकडं पाढे सोडून काही उरत नाही."

"मग मी काय करावे असे तुमचे म्हणणे आहे?"

"दोन ओळी लिहून द्या. छपाई धूसर आहे, यावरून माणूस ओळखता येत नाही. खाली तुमची सही. बस."

मी खणातून भिंग काढून त्यांच्या हातात दिले. "इंचाला पासष्ट रेषांची जाळी आहे ही. या जिल्ह्यात अशी दुसरी कुणी काढत नाही. पाहा, भुवईचे केस मोजता येतात. धूसर म्हणून मी सही करू?"

गुरुजींनी भिंग डोळ्याला लावले. गोलावरून ते थोडे उजवीकडे सरकवले आणि बराच वेळ तिथेच धरून ठेवले. भिंग कसे धरावे हे ठाऊक नसणाऱ्यांचे असे होते, म्हणून मी त्यांचा हात धरून ते परत गोलावर आणले.

"आणि खोट्या दाखल्याची गरजच नाही," मी म्हणालो. "तुम्ही मेळाव्यात नव्हता हे मी पुराव्यानिशी सिद्ध करू शकतो."

फळीवरून ब्लॉकची नोंदवही काढली आणि पान उघडले. "हा ब्लॉक क्रमांक ४७. तयार केला नऊ वर्षांपूर्वी. तेव्हापासून ज्या ज्या सभेला गर्दी हवी त्या त्या सभेला हाच छापतो. सर्व पक्षांना. सोमवारचा वापर त्रेसष्टावा."

त्यांना हायसे वाटेल अशी माझी अपेक्षा होती. ते वहीकडे पाहत पुटपुटले, "त्रेसष्ट. म्हणजे बरेच राहिले की." घाबरलेला माणूस काहीही बरळतो, म्हणून मी तिकडे लक्ष दिले नाही.

"एवढं कशाला, साहेब," ते म्हणाले. "वही-बिही नको. धूसर आहे एवढंच लिहा ना."

भिडस्त दिसताहेत, असे मी मनात म्हटले, आणि त्यांना घेऊन संपादकांकडे निघालो.

इथे त्या नोंदवहीविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. तंत्रविद्यालयात आम्हांला पहिला धडा असा होता, की यंत्राला हात लावण्यापूर्वी त्याच्या प्रत्येक भागाचे नाव आणि त्यापुढे त्याचे प्रत्यक्ष कार्य लिहून काढायचे. 'वेशीवर'मध्ये रुजू झालो तेव्हा यंत्रे परिचयाची होती. अपरिचित होते ते संपादकीय खात्यातले शब्द. म्हणून नोंदवहीच्या मागच्या पानांवर मी ते शब्द लिहू लागलो, आणि त्यापुढे प्रत्यक्ष कार्य. 'विश्वसनीय सूत्र: बसस्थानकाच्या उपाहारगृहातील खिडकीजवळचे टेबल.' 'आमच्या खास प्रतिनिधीकडून: आमचे एकमेव बातमीदार चारठाणकर. वार्ताहराकडून: चारठाणकरच, पण एस.टी.ने जाऊन.' विनोद करण्याचा हेतू नव्हता. मला ते यंत्र समजून घ्यायचे होते.

संपादक-मालक नानासाहेब बिडवई अग्रलेख लिहीत होते. सरकारला खडसावताना ते बूट काढून बसत. मी थोडक्यात प्रकरण सांगितले. त्यांनी गुरुजींकडे पाहिले, छायाचित्राकडे पाहिले, आणि पाय बुटांत घातले.

"दातरंगे, आपण कुठे लिहिले आहे का, की हे छायाचित्र त्याच मेळाव्याचे आहे?"

"खाली ओळ आहे."

"ओळीत काय आहे? 'प्रचंड जनसमुदाय'. मग हा जनसमुदाय नाही का? प्रचंड नाही का? वाचकाने त्यापलीकडे काही समजून घेतले, तर तो त्याच्या बुद्धीचा प्रश्न आहे."

"तर मग एवढंच लिहून द्या, साहेब," गुरुजी म्हणाले. "धूसर आहे म्हणून."

"गुरुजी, लिहून देणे वेगळे आणि छापणे वेगळे," नानासाहेब समजुतीच्या सुरात म्हणाले. "छापलेले उद्या जुने होते. लिहून दिलेले फायलीत राहते. मी तुमच्यासाठी एक खुलासा छापतो. चौथ्या पानावर, तळाला. 'काही वाचकांचा गैरसमज झाल्याचे आमच्या निदर्शनास आले आहे.'"

"कशाबद्दल गैरसमज?" मी विचारले.

"ते लिहायचे नसते."

"त्याने यांची नोकरी वाचणार नाही."

"पण वृत्तपत्राची विश्वासार्हता वाचेल. नऊ वर्षे एकच गर्दी छापतो, हे बाहेर गेले तर लोक म्हणतील, उरलेल्या पानांचे काय?" त्यांनी लेखणी उचलली. "नोंदवही ही छापखान्याची अंतर्गत बाब आहे. ती या इमारतीबाहेर जाणार नाही. समजले?"

"समजले," मी म्हणालो. ते खरे होते. मला समजले होते.

जिन्यावर गुरुजी म्हणाले, "राहू द्या, साहेब. तुमची नोकरी कशाला घालवता? मी बघतो काहीतरी."

"बुधवारी किती वाजता?"

"दोन वाजता. पंचायत समितीत. पण मी काय म्हणतो..."

"दोन वाजता येतो," मी म्हणालो. आपण एका असहाय माणसाच्या पाठीशी उभे राहत आहोत, या जाणिवेने माझी छाती त्या वेळी इंचभर फुगली होती. त्या फुगण्यात त्यांचे बोलणे ऐकू आले नाही.

मंगळवारी मी अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज दिला. कारण खरे लिहिले: 'ब्लॉक क्र. ४७ संबंधी चौकशीत साक्ष देण्यासाठी नोंदवहीसह उपस्थित राहावयाचे आहे.' नानासाहेबांनी अर्जावर सही केली. जिल्ह्याला रोज वाचायला लावणारा हा गृहस्थ स्वतःसमोर आलेला कागद कधीही वाचत नसे, हे मी नऊ वर्षे पाहत आलो होतो.

पंचायत समितीच्या कार्यालयात चौकशी अधिकारी सोनवळकर टेबलामागे होते. सडपातळ, सावध, बोलण्याआधी टाचणी उचलणारे. उजव्या हाताला सभापती भाऊसाहेब टाकळकर ऐसपैस बसले होते. गुरुजी कोपऱ्यात उभे.

"हे कोण?" भाऊसाहेबांनी विचारले.

"वेशीवरचे दातरंगे," मी म्हणालो. "छायाचित्र कोरले मी."

"अरे वा, मग प्रश्नच मिटला. सोनवळकर, यांनाच विचारा. फोटो स्वच्छ आहे की नाही?"

"अत्यंत स्वच्छ आहे," मी म्हणालो.

"आणि त्यातला माणूस हा मास्तर आहे की नाही?"

"आहे."

गुरुजींनी डोळे मिटले.

"परंतु तो ब्लॉक नऊ वर्षांपूर्वीचा आहे. ही त्याची नोंद." मी वही टेबलावर ठेवली.

सोनवळकरांनी टाचणी खाली ठेवून वही ओढली आणि मागून उघडली. सरकारी माणूस कागद मागूनच उघडतो, कारण सही मागे असते. हा विचार मला आधी सुचायला हवा होता.

"'खळबळ'," त्यांनी एकसुरात वाचले. "'बातमीदार स्वतः दचकला.' हे काय आहे?"

"ते पुढचे पान नाही, साहेब. पुढून..."

"'हळहळ व्यक्त होत आहे: मयत व्यक्ती संपादकांच्या ओळखीची होती.' 'खुलासा: काल छापले ते खरे होते, पण ज्याच्याविषयी छापले तो सकाळी भेटून गेला.'"

भाऊसाहेब मांडीवर थाप मारून हसू लागले. "वाचा, वाचा. बिडवई मला रोज अग्रलेखात शिकवतो. आज त्याचं व्याकरण कळू द्या."

"'निर्भीड: पुढील निवडणूक दूर असताना.'" सोनवळकरांच्या आवाजात आता किंचित गोडी आली होती. "'प्रचंड जनसमुदाय: ब्लॉक क्र. ४७ पाहा.'"

आणि त्यांनी तो पाहिला. पाने उलटत ते पुढे आले, सत्तेचाळिसाव्या नोंदीवर बोट ठेवले, आणि वापराच्या तारखा वाचू लागले. विरोधी आघाडीचा मेळावा. त्याआधी शेतकरी परिषद. त्याआधी सत्ताधारी पक्षाची प्रचारसभा. त्याआधी विरोधकांचा, होऊ घातलेल्या त्या सभेच्या निषेधार्थ काढलेला मोर्चा. भाऊसाहेब अजून हसतच होते.

"'माननीय भाऊसाहेब टाकळकर यांची सभापतिपदी निवड झाल्याबद्दल नागरी सत्कार,'" सोनवळकरांनी वाचले, आणि टाचणी पुन्हा उचलली.

हसणे थांबले.

"तो फोटो माझ्या दिवाणखान्यात आहे," भाऊसाहेब म्हणाले. "फ्रेम करून."

"साहेबांच्या नावे एकूण सतरा नोंदी दिसतात," सोनवळकर म्हणाले.

"माझ्या सत्काराला माणसं होती. मी डोळ्यांनी पाहिलीत."

"होती," मी म्हणालो. "आमच्या बातमीदाराच्या टिपणात चाळीस आहेत. ब्लॉकमध्ये दीडशे."

"मग ही माणसं आहेत कुठली? इतक्या भक्तीनं बघतात कुणाकडं?"

मी प्रश्न टाळू शकलो असतो. पण नोंदवहीत 'चित्रविषय' नावाचा रकाना होता आणि तो भरलेला होता. मी वाचून दाखवले, "'जिल्हा पशुप्रदर्शन. प्रथम क्रमांकाचा देवणी वळू, वजन सहाशे दहा किलो, चबुतऱ्यावर चढवला असता उपस्थित शेतकरी.'"

पाण्याचे तबक घेऊन आत आलेला शिपाई ते तसेच घेऊन बाहेर गेला. व्हरांड्यातून त्याचे खोकणे बराच वेळ ऐकू येत होते.

भाऊसाहेबांनी छायाचित्र हातात घेतले. दीडशे माणसांच्या त्या नजरेखाली त्यांनी नऊ वर्षांत सतरा वेळा जनतेचे आभार मानले होते. त्यांनी कागद उलटा करून टेबलावर ठेवला.

"सोनवळकर, हे सगळं लिहावं लागेल का?"

"साक्ष झाली आहे. नोंदवही परिशिष्ट म्हणून जोडावी लागेल. एक प्रत जिल्हा परिषदेला, एक आयुक्तांना."

"आणि समजा, तक्रारच नसेल?"

"तक्रार नाही तर चौकशी नाही. चौकशी नाही तर परिशिष्ट नाही."

"मग माझी ओळखण्यात गफलत झाली म्हणा. फोटो धूसर आहे."

"धूसर नाही," मी म्हणालो.

"दातरंगे," सोनवळकर प्रथमच माझ्याकडे थेट पाहत म्हणाले, "तुमची साक्ष संपली आहे." आणि त्यांनी कागदावर लिहिले: 'तक्रारीत तथ्य आढळून आले नाही.' मी तो शब्दप्रयोग ध्यानात ठेवला. त्याच आठवड्यात तो माझ्या यादीत गेला: 'आढळले, पण फार आढळले.'

उठताना भाऊसाहेब माझ्या कानाशी आले. "रविवारी आमची सभा आहे, दातरंगे. ते जे काय आहे ते... जपून ठेवा."

बाहेर चिंचेखाली चहाची गाडी होती. मी दोन चहा सांगितले. "वाचली नोकरी, गुरुजी."

"हाव. उपकार झाले." त्यांनी कप घेतला, पण तोंडाला लावला नाही. "आता तो फोटो तुम्ही छापणार नाही ना?"

"शक्यच नाही. संध्याकाळपर्यंत नानासाहेबांच्या कानावर जाईल. फोडायला लावतील."

"तेच म्हणत होतो," ते म्हणाले.

"काय म्हणत होता?"

त्यांनी खिशातून तोच अंक काढला. गोलाच्या उजवीकडे बोट ठेवले. तिथे, त्यांच्या खांद्याला खांदा लावून, दाट मिशांचा, मुंडासे बांधलेला एक म्हातारा उभा होता. इतरांसारखाच वर पाहत होता, पण तोंड मिटलेले. वळू विकत घ्यायचा असल्यासारखी पारखी नजर.

"हे आमचे बाबा. पशुप्रदर्शनाला मला तेच घेऊन गेले होते. त्याच पावसाळ्यात गेले. त्यांचा दुसरा फोटो नाही. काढलाच नाही कधी." गुरुजींनी अंकाची घडी सरळ केली. "वर्षातून पाच-सात वेळा पेपरात यायचे. निवडणुकीच्या साली जास्त. मी सगळे अंक ठेवलेत. एकेचाळीस सापडले होते. तुम्ही त्रेसष्ट म्हणालात तवा कळलं, बावीस हुकले."

मी वाकून तो चेहरा नीट पाहिला. मग माझ्यातला पद्धतशीर माणूस बोलला. "गुरुजी, एकेचाळीस अंक तुमच्या घरात असताना तुम्ही माझ्याकडे का आलात? ते नुसते टेबलावर मांडले असते तरी सिद्ध झाले असते."

"मग तुम्ही छापायचं थांबवलं असतं," ते म्हणाले. "म्हणून तर म्हणत होतो, धूसर लिहा."

चहावर साय धरली होती.

"मी तुम्हांला चांगल्या गुळगुळीत कागदावर एक प्रत काढून देतो," मी म्हणालो. "फ्रेम करता येईल अशी. पन्नास वर्षे पिवळी पडणार नाही."

"द्या ना. द्याच." त्यांनी मान हलवली. "पण ती भिंतीवर राहील. भिंतीवरचा माणूस गेलेला असतो, साहेब. पेपरात आले की वाटायचं, म्हातारा कुठंतरी सभेला गेलाय. येईल बोंबलत, की भाषण रटाळ झालं."

त्यांची एस.टी. लागली आणि ते गेले.

गुरुवारी सकाळी नानासाहेबांनी मला बोलावले. बूट पायांत होते.

"रजा कोणी दिली?"

मी अर्ज समोर ठेवला. त्यांनी तो पहिल्यांदाच वाचला, आणि खालची सही बराच वेळ न्याहाळली.

"ब्लॉक दुसऱ्या कुणाला कोरता येत असता, तर तुम्ही आत्ता या खोलीत नसता."

"होय."

"सत्तेचाळीस आजच्या आज मोडीत काढा. तशी नोंद करा. तो मास्तर पुन्हा आपल्या पानावर दिसता कामा नये."

"होय."

"आणि रविवारी भाऊसाहेबांची सभा आहे. सोमवारी पहिल्या पानावर जनसमुदाय लागेल."

"कुठून आणू? होते ते जस्त संपले, नवे मुंबईहून यायला पंधरा दिवस लागतात."

"ते तांत्रिक आहे, दातरंगे. तांत्रिक बाबींत मी लक्ष घालत नाही."

मी ब्लॉकखात्यात आलो, कडी लावली आणि सत्तेचाळीस टेबलावर ठेवला. नोंदवही उघडून लिहिले: 'ब्लॉक क्र. ४७. संपादकांच्या आदेशानुसार रद्द.' तारीख, वेळ, सही.

मग बारीक दातांची करवत काढली.

ब्लॉकवर सगळे उलटे असते. छापलेल्या पानावर जो डावीकडे, तो जस्तावर उजवीकडे. घाई करणारा कारागीर इथे हमखास चुकतो. तो गुरुजींना ठेवून बापाला कापून काढील. मी प्रथम एक प्रत छापली, ती शेजारी ठेवली, भिंगातून दोन्ही ताडून पाहिली. मुलाचा खांदा आणि बापाचा दंड यांच्या मध्ये ठिपक्यांच्या चार ओळींची मोकळी जागा होती. चार ओळी म्हणजे जेमतेम दीड मिलिमीटर. त्यातून करवत जायला हवी होती. करवतीचे पाते त्याहून थोडे कमी. माझ्या आयुष्यात मी यंत्राचे पुष्कळ अवघड भाग जुळवले आहेत; परंतु माणसाचा दंड शाबूत ठेवण्यासाठी श्वास रोखून धरल्याचे हे एकच उदाहरण. एक तास दहा मिनिटे लागली. कडा कानशीने घासल्या, रिकाम्या झालेल्या जागेत उभी रेघ बसवली, आणि नवी नोंद केली: 'ब्लॉक क्र. ४७-अ. चित्रविषय: सार्वजनिक कार्यासाठी सदैव उपलब्ध नागरिक.'

सोमवारी भाऊसाहेबांच्या सभेला प्रचंड जनसमुदाय लोटला. नानासाहेबांनी अंक चाळला, "नवीन दिसतोय," असे म्हणाले, आणि नोंदवहीवर न वाचता सही केली. मुंबईहून जस्त आले, ते संपलेही. नवी गर्दी काढून आणण्याइतकी मोठी सभा मात्र जिल्ह्यात काही झाली नाही.

गुरुवारच्या टपालाने एक पोस्टकार्ड आले. वळणदार, मास्तरी अक्षर. 'अंक मिळाला. वडील ठीक दिसले. मी नव्हतो, बरे वाटले. कळावे.'

पुढे ऑफसेट छपाई येऊन ब्लॉक बंद पडेपर्यंत ४७-अ सहा वर्षे चालला. त्या काळात कऱ्हाळे गुरुजींचे वडील तीन पक्षांच्या अठ्ठेचाळीस सभांना हजर राहिले. मोर्चे आणि सत्कार वेगळे. प्रत्येक वेळी आठवड्याच्या आत कार्ड येई आणि मजकूर बहुधा एकच असे. फक्त एकदा, चौथ्या वर्षी, दोन ओळी जास्त होत्या. 'गेल्या दोन सभांपासून वडिलांच्या डाव्या डोळ्याजवळ काळे दिसते आहे. सवडीने पाहावे.'

मी पाहिले. ठिपक्यांमध्ये वाळलेली शाई गच्च बसली होती. सुईने ती एकेक ठिपका मोकळा करत काढली, रॉकेलच्या बोळ्याने डोळा पुसला, आणि पुढच्या सभेची वाट पाहिली. ती सहकारमंत्र्यांची होती. नंतरचे कार्ड मी अजून ठेवले आहे.

'अंक मिळाला. आता त्यांना नीट दिसते.'